चार नंबरचा साचा

त्या वर्षी झाडांची पानं दोनदा गळाली आणि पालवी दोनदा फुटली.

पहिली गळ ठरलेलीच असते. थंडी सरता सरता रबराची झाडं लाल होतात, मग पिवळी, आणि आठ-दहा दिवसांत सगळं पान खाली येतं. चीक काढणं बंद होतं. झाडाला महिनाभर विसावा द्यायचा, वाकड्या सुऱ्यांना धार लावून तेल चोळून ठेवायचं, बुंध्याला बांधलेल्या वाट्या सोडून, धुऊन पालथ्या घालायच्या. मग तांबूस, ओलसर, मान टाकलेली पालवी येते. ती हिरवी होऊन ताठ झाली की पुन्हा कामाला लागायचं. पण त्या वर्षी त्या कोवळ्या पानांवर भुरी पडली. कुणीतरी वरून चाळणीनं पीठ चाळावं तशी. पानं कडेनं आकसली आणि वारा नसताना, दिवसभर, एकेक करून तरंगत खाली येत राहिली.

रोग सुरू झाला तो बांधावरच्या अकरा झाडांवरून. हे दोन्ही घरांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. थोरल्या भावानं आपल्या झाडांवर गंधक मारलं होतं, धाकट्यानं आपल्या झाडांवर. मधली ओळ कुणाची यावर तीन वर्षं वाद चालला होता. हक्क सांगायला दोघे आणि गंधक मारायला कोणी नाही, अशी गत. भुरीला वाटणी कळत नाही. ती त्या ओळीवर बसली आणि तिथून डावीकडेही गेली, उजवीकडेही.

चीक बंद म्हणजे धाकट्याच्या घरात दोघांचेही हात रिकामे, कारण नवरा-बायको दोघं मिळून झाडं करत. म्हणून एका सकाळी धाकटी गादीच्या कारखान्याच्या दारात उभी राहिली.

थोरली तिथं सहा वर्षं कामाला होती. चार नंबरच्या साच्यावर. साच्यावर दोघी लागतात. तिच्या जोडीची उंच बाई, जिला सगळ्या लांबी म्हणत, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. पाळीवरचा फोरमन सगळ्यांना थर्मामीटर बघूनच उत्तर द्यायचा, म्हणून त्याचं नाव पारा पडलं होतं. पाऱ्यानं धाकटीला खालून वर बघितलं, मग थोरलीकडे बघितलं.

"उंची सारखी आहे," तो म्हणाला. "चारवर जा."

"साहेब, ती..." कोणीतरी म्हणालं.

"काय?"

सख्ख्या जावा आहेत आणि तीन वर्षं एकमेकींशी शब्द नाही, हे पाऱ्याला काय सांगायचं? ते थर्मामीटरवर दिसत नव्हतं.

कारखान्याची ती खोली लांबच लांब, उंच पत्र्याची, आणि सकाळी नऊनंतर वाफेनं इतकी भरलेली की पलीकडच्या टोकाची माणसं कमरेपासून खालीच दिसत. चीक पिंपांतून यायचा. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला, त्यामुळे पिंप उघडलं की डोळ्यांतून पाणी. मोठ्या पातेल्यात त्यात साबण, गंधक आणि आणखी दोन-तीन पुड्या पडत आणि वरून फिरकी चालू होई. घुसळता घुसळता चीक फुगायचा. आधी दूध, मग साय, मग ढग. शेवटी त्यात गोठवणारं औषध टाकलं की हातात फार तर पाच-सहा मिनिटं उरत. ढग नळीतून साच्यात सोडायचा, फळीनं कडेकडेनं सारखा करायचा आणि झाकण खाली घ्यायचं. साच्यात आणि झाकणात बोटाएवढ्या जाड सळया, शेकडो, ओळीनं उभ्या. ढग त्यांच्यामधून बसतो. मग वाफ सोडायची. पाऊण तासानं झाकण वर गेलं की आत गादी असते.

ती बाहेर काढणं हे या दोघींचं काम. चारही बाजू नखांनी सोडवायच्या, दोघींनी दोन कोपरे धरायचे आणि ओढायचं. सरळ वर, सारखं, एका दमात. सळया गादीला घट्ट धरून असतात. एकीनं आधी ओढलं, दुसरीनं मागून, तर गादी मधोमध फाटते. गरम असते ती, ओली, आणि जड. झोपलेलं मूल उचलताना ते दुप्पट जड लागतं ना, तशी.

लांबीबरोबर थोरली मोठ्यानं म्हणायची, "एक... दोन... वर!" धाकटीसमोर तिचं तोंड उघडेना. तिनं श्वास घेतला आणि ओढलं. धाकटीनं क्षणभरानं ओढलं.

टर्र असा आवाज झाला. आख्ख्या खोलीत ऐकू गेला.

पारा आला. फाटलेल्या गादीकडे बघितलं, भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं. "उशांना जाईल," म्हणाला, आणि गादीचा एक तुकडा कापून त्यावर खडूनं चार आकडा घातला आणि खिळ्याला टांगला. ही तिथली रीत होती. दिवसभर येता-जाता सगळ्या त्या तुकड्याकडे बघत. धाकटीचे कान लाल झाले होते. थोरलीला ते दिसलं, आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून दुपारचा डबा गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत आणखी एक फाटली. मग मात्र बोलणं भाग होतं. धाकटी साच्याशी बोलायला लागली.

"साच्या, तुझी डावी कड सुटली नाही अजून," ती साच्याकडे बघत म्हणाली.

थोरलीनं डावी कड सोडवली. "साच्या, सुटली म्हणावं," ती म्हणाली.

पाच नंबरच्या दोघी इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. "अगं, साच्याला तरी बोलायला सवड द्या!"

थोरलीचं घर कारखान्यापासून अर्ध्या तासावर, झाडांच्या आत. तिच्या घरापुढून झाडं सुरू होत ती बांधापर्यंत, आणि बांधापलीकडे पुन्हा झाडं आणि त्यांच्यामागे धाकट्याचं घर. पानं गळल्यामुळे आता इथून तिथलं अंगण दिसत होतं. एरवी नुसता धूर दिसायचा.

सासरा त्या महिन्यात थोरल्याकडे होता. दोघा भावांनी झाडं वाटली तेव्हा बापही वाटला होता, एक महिना इकडे, एक महिना तिकडे. महिना संपला की म्हातारा गाठोडं काखेत मारायचा आणि एकटाच बांध ओलांडून जायचा. ही झाडं त्यानंच लावली, त्यानंच तीस वर्षं सोलली. पण चिकाचं पुढं काय होतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी थोरली हातपाय धुऊन ओट्यावर टेकली की तो चौकशीला बसायचा.

"आज किती काढल्या?"

"आठ. मामंजी, पाय लांब करा, तेल लावते."

"आणि ती भोकं कशाला म्हणालीस गादीला?"

"सळयांची असतात. सळया तापल्या की वाफेची ऊब आतपर्यंत पोचते, नाहीतर मधला भाग कच्चा राहील. पुढं झोपणाऱ्याला तेवढीच हवा खेळते."

"म्हणजे भोकांनाही भाव आला म्हण." म्हातारा खुश झाला. "आणि मग?"

"मग रुळांतून पिळायची. धुवायची, पुन्हा पिळायची, पुन्हा धुवायची. साबण, औषध, वास, सगळं निघेपर्यंत. मग गरम खोलीत रात्रंदिवस वाळवायची. वाळली की वजन करायचं. उलटी-सुलटी दाबून बघायची. खालची बाजू जरा घट्ट असते, वरची मऊ."

"का?"

"साच्यात असताना जड ते खाली बसतं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "बसणारच. आणि झोपल्यावर कसं वाटतं गं?"

"मला काय ठाऊक? मी उभी असते." ती हसली. "हात दाबला तर आत जातो, काढला की गादी लगेच वर. खूण राहत नाही. कापलेले तुकडे मिळतात आम्हाला, आणू का एक?"

"नको. मऊ लागलं तर उठेल कोण?"

तिचा नवरा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सुरीला धार लावत होता. झाडं बंद, तरी तो रोज धार लावायचा. "ती काय बोलते?" त्यानं न बघता विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतेस?"

"साच्याशी बोलते," थोरली म्हणाली. म्हातारा पोट धरून हसला. नवरा हसला नाही.

आठवडा सरत आला. मग केव्हातरी, कोणत्या दिवशी ते तिला सांगता आलं नसतं, गाद्या फाटायच्या थांबल्या. झाकण वर जायचं, वाफेचा पडदा दोघींच्या मध्ये यायचा आणि त्या पडद्यातून थोरलीला धाकटीचा श्वास ऐकू यायचा. नाकानं आत घेतलेला, जरा थांबलेला. तो थांबला की हिचाही थांबायचा. मग दोघींचे खांदे एकदम वर, आणि गादी सळयांवरून सुटायची, चिखलातून पाय निघावा तसा एक दीर्घ ओला आवाज करत. पांढरी, वाफाळती, दोघींच्या मध्ये झोळीसारखी लोंबणारी. तशीच चार पावलं आडवं चालत जाऊन रुळांवर ठेवायची. मोजावं लागत नव्हतं. साच्याशीही बोलावं लागत नव्हतं.

वाफेत दिवस कळत नसे. थोरली उभ्या उभ्या स्वप्नात असल्यासारखी काम करायची. कधी वाटे, आपण गादी ओढतच नाही आहोत, पाण्यातून काहीतरी वर येतंय आणि आपण नुसता हात दिलाय. कधी झाडं दिसत. बिनपानांची, पांढऱ्या धुक्यात, प्रत्येकाच्या बुंध्यावर तिरकी रेघ आणि रेघेवरून थेंब, थेंब, थेंब. समोर पाहावं तर धाकटीच्या हनुवटीवरून घाम तसाच ठिबकत असायचा. लग्न होऊन आली तेव्हा ही केवढी होती, असं मनात यायचं. केसांना रिबीन लावून आली होती आणि पहिल्याच दिवशी चिकाची वाटी सांडली होती. तेव्हा हिला आपण पदराआड घेतलं होतं.

दुपारच्या सुट्टीत बाया वाळवण्याच्या खोलीबाहेरच्या भिंतीला टेकत. ती भिंत कायम कोमट. डबा खाल्ला की पाठ तिथं लावायची, आणि पाच मिनिटांत अर्ध्याजणी डुलक्या घेऊ लागत. भिंतीआड पंखे घोंगावत, गाद्यांचा गोडसर, दुधासारखा वास येई. त्या दिवशी बसायला जागा उरली ती एकच. थोरली बसली, डोळे मिटले.

भोंग्यानं जाग आली तेव्हा तिचं डोकं कुणाच्या तरी खांद्यावर होतं. बाहीला अमोनियाचा वास. तिनं हळूच डोळे किलकिले केले. धाकटी समोर बघत बसली होती, ताठ, एक हात बधिर झाल्यासारखा मांडीवर टाकून. हलली नव्हती. किती वेळ, कोण जाणे. थोरली सावरून बसली. धाकटी उठली, हात दोनदा झटकला आणि साच्याकडे चालू लागली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मोजणीदार आला. दोघा भावांनी वेगवेगळे अर्ज केले होते, तो एकाच फेरीत दोन्ही उरकायला आलेला. लोखंडी टेप, तिपाई, टोपी. दोन्ही घरची माणसं बांधाच्या आपापल्या बाजूला उभी राहिली. पायाखाली भुरी पडलेली पानं इतकी की चालताना कागद चुरगळल्यासारखा आवाज होई.

मोजणीदारानं दुर्बिणीतून बघितलं, नकाशा बघितला, पुन्हा दुर्बिणीतून बघितलं. "ओळ वाकडी आहे हो," तो म्हणाला. "हद्द सरळ, ओळ वाकडी. इकडून सुरू होते, तिकडं जाते. चार झाडं यांची, सहा त्यांची. आणि हे पाचवं..." तो एका जाड बुंध्यापाशी थांबला. "याच्या पोटातून रेघ जाते."

"असं कसं?" थोरला म्हणाला. "बाबांनी दोरी धरून लावलीत झाडं. दोरी वाकडी कशी असेल?"

"विचारा त्यांनाच," धाकटा म्हणाला. तोही मोजणीदाराकडे बघूनच.

म्हातारा काठी टेकत पुढं आला. ओळीकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उघडत गेलं.

"दोरीचं दुसरं टोक तुमच्या आईच्या हातात होतं," तो म्हणाला. "तिला सांगितलं, ताणून धर. तर ती हसायला लागली. मी खड्डा खणताना मागून कसा दिसतो म्हणून. हसली की दोरी ढिली. मी ओरडलो की ताण. पुन्हा हसली. दुपारपर्यंत हेच. म्हटलं, राहू दे, वाकडी तर वाकडी. आपल्यालाच तर सोलायची आहेत." त्यानं दोघा पोरांकडे बघितलं. "तेव्हा अलीकडं-पलीकडं नव्हतं काही."

मोजणीदार कागदाला टाचणी लावत म्हणाला, "छान. पण सही कोण करतंय?"

कोणी केली नाही. थोरल्याला चार मान्य नव्हती, धाकट्याला पाचव्याचं अर्धं सोडायचं नव्हतं. आवाज चढले. म्हातारा मधेच पहिल्या झाडाच्या मुळाशी खूण म्हणून पुरलेला दगड दाखवायला वाकला, हातानं पानं बाजूला केली, आणि तिथंच राहिला. वर येईना. कमरेत उसण भरली होती. दोघा पोरांनी दोन बाजूंनी धरलं, पण महिना थोरल्याचा होता, म्हणून शेवटी थोरल्यानं पाठीवर घेऊन घरी नेलं.

त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "उद्या फोरमनला सांग. साचा बदलून दे म्हणावं."

"का?"

"तिच्या हाताला हात लावून काम करायचं नाही."

"हाताला हात लागत नाही. मध्ये गादी असते."

"शब्दात धरू नकोस. सांगितलं ते कर."

सकाळी ती पाऱ्यासमोर उभी राहिली. पाऱ्यानं वही उघडली. "चार नंबर," तो म्हणाला. "बावीस दिवस. पहिल्या आठवड्यात दोन फाटल्या, नंतर एकही नाही. एवढं पाच नंबरचंही नाही. का बदलायचा?"

"ती बोलत नाही माझ्याशी."

"बरंच आहे की. बाकीच्यांना मी गप्प बसा म्हणून ओरडतो." त्यानं टोपणानं कान खाजवला. "ठीक आहे. तुझी जुनी जागा आहे, तू रहा. तिला धुण्याच्या हौदावर टाकतो."

हौद बाहेरच्या बाजूला होता. दिवसभर कोपरापर्यंत पाण्यात. बोटांची कातडी सुटते, पगारही कमी. तिथं नवीन आलेल्या किंवा कुठंच न जमणाऱ्या बायांना टाकत. पाऱ्याच्या खोलीच्या काचेतून थोरलीला चार नंबर दिसत होता. धाकटी एकटीच फडक्यानं साचा पुसत होती, प्रत्येक सळईच्या मुळाशी बोट फिरवून. तसं कोणी पुसत नसे. तसं पुसलं की गादी हलकी सुटते, हे तिचं तिनंच शोधून काढलं होतं.

"राहू द्या," थोरली म्हणाली.

"काय राहू द्या?"

"आहे तसंच."

पाऱ्यानं थर्मामीटरकडे बघितलं. "मग कामाला लाग. झाकण उचलायला झालंय."

घरी तिनं खरं ते सांगितलं. नवऱ्यानं ताट बाजूला सारलं नाही, पण जेवताना वर बघितलंही नाही, आणि त्या दिवसापासून घरातही शब्द बंद झाला. "घरी मुका, कामावर मुकी," ती सासऱ्याच्या कमरेला शेक देत म्हणाली. "माझ्याच नशिबी सगळी शांतता."

"माझ्याशी बोल," म्हातारा म्हणाला. "मी कुठं जातोय? मला तर कूस बदलता येत नाही."

आणि महिना संपला.

सुट्टीचाच दिवस होता. म्हातारा सकाळपासून तयार. गाठोडं छातीवर घेऊन खाटेवर उताणा. उठता येत नव्हतं. थोरला अंगणात बसून म्हणाला, "आता त्यांचा महिना. त्यांनी न्यायला यावं." बांधापलीकडून धाकट्याचा आवाज आला, कुणाला तरी सांगितल्यासारखा, "त्यांनी आणून सोडावं. आम्ही त्या अंगणात पाय ठेवणार नाही." ऊन ओट्यावरून खाली उतरलं, दारापर्यंत आलं, दारातून परत फिरलं. म्हातारा एकदाच म्हणाला, "लघवीला जायचंय." थोरल्यानं त्याला धरून नेलं, आणलं, पुन्हा खाटेवर ठेवलं, आणि पुन्हा अंगणात जाऊन बसला.

थोरलीनं भांडी घासली. हात पुसले. कोपऱ्यातली जाड सतरंजी घेतली, झटकली आणि नवऱ्याच्या समोरून चालत बांधापर्यंत गेली.

"अगं ए," तिनं हाक मारली. तीन वर्षांनी. आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला. "ये. मामंजींना उचलायचंय."

धाकटी दारात आली. तिच्या हातात ओलं फडकं होतं. ते तिनं कुंपणावर टाकलं आणि आली.

सतरंजी म्हाताऱ्याच्या खाली सरकवली. डोक्याकडची दोन टोकं थोरलीनं मनगटाला गुंडाळली, पायाकडची दोन धाकटीनं. श्वास घेतला, थांबला, आणि खांदे वर. म्हातारा खाटेवरून असा सुटला की त्याला कळलंच नाही. "अरे," तो म्हणाला, "उचललंत होय?"

त्या निघाल्या. थोरली पाठमोरी, धाकटी समोरून. म्हातारा वाळलेला होता तरी माणूस तो माणूस. झाडांमधून ऊन तुकड्यातुकड्यांनी पडत होतं आणि म्हातारा त्यातून तरंगत चालला होता, तोंड आभाळाकडे. "दुसरी पालवी आलीय," तो म्हणाला. खरंच आली होती. आजारी, बारीक, पण आली होती, शेंड्यांना तांब्याच्या तारा गुंडाळाव्या तशी. "ही टिकेल. ऊन लागलंय तिला."

बांधावर पोचल्या तेव्हा थोरलीची बोटं सुटायला आली होती. "टेकू," ती म्हणाली. दोघींनी त्याला ओळीतल्या एका झाडाखाली पानांवर अलगद ठेवलं. पानांचा थर जाड होता. म्हाताऱ्यानं सुस्कारा टाकला, डोळे मिटले आणि बघता बघता घोरायला लागला.

दोघी बुंध्याला टेकून बसल्या. धापा ओसरल्या. वर कुठंतरी एक पक्षी तेच तेच विचारत होता.

"पहिल्या दिवशी मी मुद्दाम नाही मागं राहिले," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग तेव्हा पाऱ्याला का नाही सांगितलंत?"

धाकटी एक पान उचलून त्यावरची भुरी बोटानं पुसत होती.

"झाडांचं मला काही नाही, ताई," ती म्हणाली. "झाडं त्यांची त्यांनी बघावी. माझं बाळ गेलं तेव्हा तुम्ही आला नाहीत. पाच दिवसांचं होऊन गेलं. गावातल्या परक्या बाया आल्या. चिकाचं पिंप न्यायला येतो तो गाडीवालासुद्धा दारात उभा राहून गेला. तुम्ही आला नाहीत."

"आले होते."

धाकटीनं मान वर केली.

"इथपर्यंत आले होते," थोरली म्हणाली. "तुझ्या अंगणात माणसं दिसत होती. तू रडत होतीस ते ऐकू येत होतं. घरात ह्यांनी सांगितलं होतं, तिकडं पाऊल टाकलंस तर बघ. तरी आले. इथं उभी राहिले."

"मग?"

"मग परत गेले."

"एवढंच?"

"एवढंच."

धाकटी आपल्या घराकडे बघत, अगदी सावकाश म्हणाली, "साठ पावलं आहेत इथून. मी मोजलीत."

थोरलीला रडू आलं नाही. रडायला काहीतरी आत सुटावं लागतं. इथं सगळं घट्ट झालं होतं, तळाशी बसलेलं. ती नुसती बसून राहिली. म्हातारा घोरत होता. एक पान फिरत फिरत त्याच्या पोटावर उतरलं, श्वासाबरोबर वर गेलं, खाली आलं.

"उचलायचं?" धाकटीनं विचारलं.

"उचल."

या वेळी धाकटी पुढं झाली. थोरलीनं पायाकडची टोकं घेतली, म्हणजे तिला समोरचं घर दिसत राहिलं. ती मनात मोजत होती. ओझं घेऊन पावलं आखूड पडतात. वीस. तीस. चाळिसावर मनगटाला वळ चढले. अंगण वाकत वाकत जवळ येत होतं, आणि त्यात धाकटा उभा होता, पुढं यावं की नाही न कळून. बावन्नाव्या पावलाला तिचा डावा हात सुटला. सतरंजी कलली, पण कोपरा खाली गेला नाही. मागून कुणीतरी धरला होता.

तिचा नवरा. त्याच्या दुसऱ्या हातात गाठोडं होतं. "हे राहिलं होतं," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

धाकटा मग पुढं झाला आणि बायकोच्या हातातला एक कोपरा घेतला. चौघं चार कोपऱ्यांना. पण भावांची चाल जुळेना, एक भरभर, एक हळू, आणि म्हातारा हेलकावे खायला लागला. "अरे, बुडवाल मला," तो जागा होऊन ओरडला. "बायकांकडं बघून चाला!"

"एक," थोरली म्हणाली.

"दोन," धाकटी म्हणाली.

तशी ती चौघं अंगणात गेली, ओट्यावर गेली, दारातून तिरपी होऊन आत गेली. खाटेवर ठेवलं. ठेवल्यावर चौघांचेही हात एकदम रिकामे झाले आणि कुणाला कुठं बघावं कळेना.

थोरला दाराबाहेर जाऊन उभा राहिला. खाकरला. "गंधक आणलंय," तो बाहेरच्या झाडांना उद्देशून म्हणाला. "पालवी हिरवी व्हायच्या आत अकराही झाडांवर मारून घेतो. सही नाही झाली म्हणून रोग थांबत नाही."

आतून धाकटा म्हणाला, "उंच झाडं आहेत. तुझं यंत्र पोचणार नाही. माझं ने."

सह्या त्या वर्षी झाल्याच नाहीत, आणि पुढच्या वर्षीही. पण ते पुढचं.

"मला उताणं ठेवू नका," म्हातारा म्हणाला. "कुशीवर करा." दोघी दोन बाजूंनी वाकल्या, श्वास घेतला, आणि त्याला अलगद कुशीवर केलं. धाकटीनं त्याच्या पाठीशी उशी लावली. मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्याचा आवाज आला, चूल पेटवल्याचा आवाज आला. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

थोरलीनं खोलीकडे बघितलं. तीन वर्षांत भिंतीला रंग दिला होता. कोपऱ्यात, खुंटीवर, एक अगदी लहान कापडी झोळी घडी करून ठेवलेली होती. ती तिकडे बघत राहिली. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"येतेस का?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं. कित्येक दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."